सी ड्राइव्ह जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून कॉम्प्युटर चालू करता येते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की दुकानातल्या मशीनीची हार्डडिस्क कटकट आवाज करून राहिली, ती जायच्या आधी तुम्ही अख्खी सी ड्राइव्ह सिलेक्ट करून ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली, अन आता त्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालूच होत नाही.

भाऊ, ते होणारही नाही. माझं दारव्ह्याकडं एका खेड्यात झेरॉक्स अन ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, मीही पहिल्यांदा हेच केलं होतं. सी ड्राइव्ह म्हणजे पूर्ण डिस्क नाही. नव्या मशीनीत डिस्कच्या सुरुवातीला एक छोटं, बहुतेक १०० एमबीचं लपलेलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, असते, त्याला ईएफआय म्हणतात, मशीन चालू केली की ती आधी तिथं जाते अन तिथून तिला कळते की विंडोज कुठं ठेवलं आहे. कॉपी-पेस्टमध्ये ते येतच नाही. वरून विंडोज चालू असताना त्याच्या काही फायली लॉक असतात, त्याही कॉपी होत नाहीत. म्हणजे बंडीभर माल भरला पण जू घरीच राहिलं, मंग बैल जुंपाचे कशाला.

म्हणून क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, पूर्ण डिस्कचा कराचा, पार्टिशनसकट, अन विंडोज बंद ठेवून, दुसऱ्या कशावरून तरी मशीन चालू करून.

आता तुम्ही म्हणसान, ठीक आहे, पूर्ण डिस्कचा क्लोन पेन ड्राइव्हवर करतो. नका करू. एक तर ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजला ५९ च दिसतात अन तुमची डिस्क त्याच्यापेक्षा मोठी असनच. दुसरं, विंडोज यूएसबीवरून चालायसाठी बनलेलंच नाही, सुरू होतानाच निळा पडदा येतो, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असं लिहून, कारण सुरुवातीलाच यूएसबी वाचता यायला जे ड्रायव्हर लागतात ते त्याच्याजवळ त्या वेळी तयार नसतात. मायक्रोसॉफ्टनं विंडोज टू गो नावाची सोय याच्यासाठीच काढली होती, विंडोज ८ च्या एंटरप्राइजमध्ये, पण २०२० च्या विंडोज १० अपडेटमध्ये काढून टाकली. रुफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं अजूनही तसा यूएसबी बनते, पण ते नवं कोरं विंडोज असते, तुमचं नाही, तुमचे फॉन्ट, प्रिंटर, अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर सगळं पुन्हा टाकाचं. मी एकदा हौस म्हणून साध्या पेन ड्राइव्हवर बनवून पाह्यलं, डेस्कटॉप येईपर्यंत मी चहा पिऊन आलो अन तरी गोल फिरूनच राह्यलं होतं. पेन ड्राइव्ह बारीक बारीक फायली सारख्या लिहिण्यात लय मंद असते, अन तापते किती, उन्हाळ्यात आमच्याइकडं ४५ च्या वर पारा जाते तेव्हा तर हात लावू देत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी फुकट सिस्टीम असती तर गोष्ट वेगळी होती, ते यूएसबीवरून आरामात चालते.

मी काय करतो ते सांगतो. पेन ड्राइव्हवर विंडोज टाकतच नाही, त्याच्यावर फक्त क्लोन कराचं क्लोनझिला ठेवतो. हे तैवानच्या सरकारी सुपरकॉम्प्युटर केंद्रातल्या लोकांनी बनवलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, छोटं आहे, ८ जीबीचा जुना पेन ड्राइव्ह बस झाला, रुफसनंच त्याच्यावर चढवाचं. अन क्लोन घ्यायला एक एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी लागणारी नवी वेगवान डिस्क, अन ती बाहेरून यूएसबीला जोडाची साटा टू यूएसबी केबल. मशीन चालू करताना एफ १२ किंवा एफ ९ दाबाचं, कंपनीप्रमाणे बटण वेगळं, अन पेन ड्राइव्ह निवडाचा. निळ्या-करड्या पडद्यावर इंग्रजीत विचारत जाते, त्यात डिव्हाइस टू डिव्हाइस, मंग बिगिनर, मंग पूर्ण डिस्क. ते फक्त भरलेला भागच कॉपी करते, म्हणून ५०० जीबीच्या डिस्कवर ८० भरले असतील तर निळ्या यूएसबी पोर्टवर पाव तासाच्या आसपास, काळ्या जुन्या पोर्टवर पाऊण तास धरा. पण नवी एसएसडी जुन्या डिस्कएवढी नाहीतर मोठीच पाह्यजे, भरलेलं कमी असलं तरी.

आता खरी गोम. ते विचारते सोर्स (जिच्यावरून कॉपी कराची ती) कोणती अन टार्गेट (जिच्यावर कराची ती) कोणती, अन तिथं डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी येतात. माझी दुकानाची डिस्क ५०० ची, अन क्लोनसाठी एका मित्रानं दिलेली जुनी डिस्क तीही ५०० ची, रिकामी करून वापर म्हणाला होता. पीकविम्याचे दिवस, दुकानात गर्दी, मी साइज पाहून अंदाजपंचे एंटर मारला. दोनदा विचारते बरं ते, खरंच पुसू का म्हणून, दोन्ही वेळा मी वाय दाबला. दुकानाच्या डिस्कवर मित्राच्या बहिणीच्या लग्नाची शूटिंग येऊन बसली, तीन वर्षांचे स्कॅन केलेले फॉर्म गेले ते गेलेच. तेव्हापासून मी साइज पाहतच नाही, डिस्कवर छापलेलं मॉडेल कागदावर लिहून घेतो अन पडद्यावरच्या मॉडेलशी जुळवतो, मंगच वाय.

सुरू कराच्या आधी तीन गोष्टी. क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्कची तब्येत पाहा, पिवळं कॉशन दाखवत असन तर आधी कामाच्या फायली वेगळ्या काढा, क्लोनमध्ये तिच्यावर ताण येते अन अर्ध्यात दम तोडू शकते, तुमची तर आवाज करूनच राहिली. मंग मशीन बंद करताना शिफ्ट दाबून शटडाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपेत राहते अन क्लोनझिला कुरकुर करते. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का तेही पाहा, विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या मशीनीत आपोआप चालू असते, रिकव्हरी की लिहून ठेवा. अन लाइनीचं पाहूनच बसा, आमच्याइकडं तर मी रात्री दहाच्या नंतरच करतो, यूपीएस दहा-पंधरा मिनिटांवर टिकत नाही.

क्लोन झाला की मशीन बंद करून जुनी डिस्क काढा अन एसएसडी आत तिच्या जागी लावा. दोन्ही एकाच वेळी लावून चालू करू नका, दोघींचा ओळख नंबर एकच असल्यानं विंडोज गोंधळते. केबलवरच लावून चालू करून पाह्यलं अन निळा पडदा आला तर घाबरू नका, तीच एसएसडी आत लावल्यावर बहुतेक वेळा निमूट चालू होते. मशीन तीच असल्यानं ॲक्टिव्हेशनलाही सहसा काही होत नाही.

फक्त बॅकअपच ठेवाचा असन, लगेच बदलाचं नसन, तर डिव्हाइस टू इमेज निवडा, म्हणजे पूर्ण डिस्कची दाबून बारीक केलेली इमेज बाहेरच्या हार्डडिस्कवर राहते अन त्याच हार्डडिस्कवर दुसरंही काही ठेवता येते. मी दर दोन महिन्यांनी एक काढतो अन सगळ्यात जुनी डिलीट मारतो.

तुमच्या मशीनीत किती जीबीची डिस्क आहे, किती भरली आहे अन निळा पोर्ट आहे का, तेवढं लिहा, एसएसडी केवढी घ्यायची ते सांगतो.