वडिलांना पार्किन्सन आहे. बाजेवरून उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. हा आजाराचाच भाग की परभणीच्या उन्हाचा त्रास?

बहुतेक दोन्ही, पण मूळ आजारात असण्याची शक्यता जास्त. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट नेहमी बघतो. घरच्यांचं सगळं लक्ष हाताच्या थरथरीकडं असतं. पण उभं राहताना रक्तवाहिन्या आवळून बीपी सांभाळणारे मज्जातंतूही या आजारात मंदावतात. जुनाट बद्धकोष्ठ, वास न येणं, झोपेत ओरडणं हे त्याच घरातलं. त्यात पार्किन्सनसाठी दिली जाणारी लेव्होडोपाची गोळीही बीपी थोडं उतरवते, आणि एप्रिल-मेमध्ये घामानं अंगातलं पाणी जातं ते वेगळंच.

घरीच तपासा: पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडं जा. बीपीची किंवा प्रोस्टेटची जुनी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, कितीदा तरी खरी गोम तिथंच निघते. तोवर उठताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसू द्या, उशाला पाण्याचा तांब्या ठेवा, एकदम पोटभर जेवण नको.

मात्र हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी-मीठ मनानं वाढवू नका. लेव्होडोपा तर स्वतःहून अजिबात बंद करू नका.