गाळा घेण्याआधी टेप लावा

बेळगावच्या गणपत गल्ली, खडेबाजारात फिरणारं गिऱ्हाईक जिना चढायला राजी नसतं. पहिल्या मजल्याचं भाडं कमी असतं ते उगाच नव्हे. बिल्डर ४०० फूट सांगतो ते सुपर बिल्टअप, म्हणजे भिंती, जिना, व्हरांड्याचा वाटा धरून. स्वतः टेप लावा. आत २८० भरलं तर दर त्यावर काढून बघा. हॉटेल टाकणार असाल तर आधी धुराची वाट शोधा. डक्ट गच्चीपर्यंत जात नसेल तर फोडणीचा खाट शेजारच्या कापड दुकानात, आणि भांडण तुमच्या दारात. भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी गिऱ्हाइकाला ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलाला परत मिळत नाही, खर्चातच धरा. पाटीवर नियमाने ६० टक्के कन्नड, तेही वरच्या अर्ध्या भागात. मराठी खाली बसवा. फर्निचर शेवटी.