ओल्या सिलिका वाळूसाठी बेल्ट घ्यावा की स्क्रू?

तुमचा प्लांट कासार्डे भागात आहे, ताशी 20 टन धुतलेली वाळू 9 मीटर उंच बिनमध्ये चढवायची आहे आणि जागा वाचते म्हणून विक्रेता स्क्रू कन्व्हेयर (नळीत फिरणाऱ्या स्क्रूने माल पुढे ढकलणारं यंत्र) गळ्यात मारतोय. माझं ऐकाल तर स्क्रू घेऊ नका. मी सिंधुदुर्गातच प्लांटचं मेंटेनन्स बघतो.

सिलिका म्हणजे क्वार्ट्झ, मोहच्या मापावर कठीणता 7. साधं लोखंड तिच्यापुढे मऊ. स्क्रूमध्ये वाळू पत्र्याला घासतच पुढे सरकते. मी उघडलेल्या एका स्क्रूच्या फ्लाइटची (गोल फिरत गेलेल्या पात्याची) कड सुरीसारखी झाली होती. शिवाय स्क्रू तिरका केला की त्याची क्षमता झपाट्याने घटते. बकेट एलिव्हेटर (बादल्यांच्या माळेने माल वर नेणारं यंत्र) कोरड्या वाळूला उत्तम, पण ओली वाळू बकेटच्या तळाशी चिकटून बसते.

म्हणजे राहिला बेल्ट. साधा बेल्ट 18 अंशांच्या वर चढवू नका, म्हणजे 9 मीटरसाठी आडवी जागा साधारण 28 मीटर लागेल. तेवढी नसेल तर शेवरॉन बेल्टने (वर व्ही आकाराची उठावदार नक्षी असलेल्या बेल्टने) चढ वाढवता येतो, मात्र त्याच्या नक्षीत अडकलेली वाळू स्क्रेपरने निघत नाही. 500 मिमी रुंदी तुमच्या 20 टनांना भरपूर झाली. मोटरचीही फार चिंता नको, नुसती वाळू उचलायला जेमतेम अर्धा किलोवॅट लागतो, बाकी सगळं घर्षणाचं.

खरा त्रास परतीच्या बाजूला, म्हणजे बेल्ट खालून रिकामा परत येतो तिथे होतो. बेल्टला चिकटून आलेली वाळू खालच्या रोलरवर थर धरते, मग बेल्ट एका बाजूला पळतो आणि कडा फाटतात. म्हणून हेड पुलीला (वरच्या टोकाच्या पुलीला) चांगला स्क्रेपर, टेल पुलीच्या (खालच्या टोकाच्या पुलीच्या) आधी व्ही-प्लाव (बेल्टवरची वाळू बाजूला लोटणारी व्ही आकाराची पट्टी) आणि परतीला रबर रिंगचे रोलर हे सुरुवातीलाच कोटेशनमध्ये लिहून घ्या. नंतर कोणी देत नाही.

आणि होल्डबॅक (बेल्ट उलटा फिरू न देणारा अडसर) हवाच! आपल्याकडे जुलैत वीज कधी जाईल सांगता येत नाही. भरलेला बेल्ट उलटा धावला की सगळी वाळू टेलजवळ कोसळते, तिथे झाडणारा माणूस उभा असतो. पुल-कॉर्ड स्विच (दोरी ओढली की बेल्ट थांबवणारा) दोन्ही बाजूंना लावा.

ऑर्डर देण्याआधी वॉशरमधून थेट निघालेली वाळू पाटीभर घेऊन बेल्टच्या तुकड्यावर ओता आणि तुकडा हळूहळू तिरका करून वाळू किती अंशाला घसरते ते बघा. मे महिन्यातल्या सुक्या ढिगावरून अंदाज बांधू नका.