कमी बजेटमध्ये डेस्कटॉप जोडायचाय. ग्राफिक्स कार्ड आत्ताच घेऊ का? पैसे कुठे वाचवू?

अभ्यास, ऑफिसचं काम, कोडिंग आणि हलके गेम एवढंच असेल तर कार्ड आत्ता घेऊ नका. ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग) आतच असलेला प्रोसेसर घ्या आणि वाचलेले पैसे रॅम, एसएसडी आणि चांगल्या पॉवर सप्लायवर लावा. ओळखीच्यांना मशीन जोडून देताना मला सगळ्यात जास्त गोंधळ प्रोसेसरच्या नावात दिसतो, म्हणून ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. इंटेलच्या आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२४००एफ मध्ये नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. चुकीचा आणलात तर पंखे फिरतील, पण स्क्रीन काळीच राहील.

रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्या. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते हीच रॅम वापरतं, आणि दोन पट्ट्यांनी तिची बँडविड्थ, म्हणजे एका वेळी डेटा ने-आण करायची क्षमता, दुप्पट होते. गेममध्ये फरक लगेच जाणवतो. पट्ट्या मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्लॉटमध्येच बसवा. चार स्लॉट असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा.

कॅबिनेट साधं चालेल, लायटिंग नको. पण कॅबिनेटबरोबर आलेला बिननावाचा पॉवर सप्लाय कृपा करून वापरू नका, तो जाताना मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो.

जड गेम किंवा थ्रीडी रेंडरिंग हेच मुख्य काम असेल तर मात्र हिशोब उलटा: आधी कार्ड ठरवा, बाकी त्याला बेतून.