गिटारवर १०५ च्या वेगाला हात आखडतो, त्यावर आणखी तासभर रियाज हा उपाय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिटारवर ए मायनर पेंटॅटॉनिक (पाच सुरांची सरगम) पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) ८० बीपीएमला (मिनिटाला ८० ठोके) चौगुनीत, म्हणजे ठोक्याला चार सूर, स्वच्छ वाजतं. दर दोन दिवसांनी ५ बीपीएम वाढवत १०५ पर्यंत आलात. तिथे अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, करंगळी ताठ होते, तार बदलताना सूर हुकतात. तर रोजचा रियाज तासाभराने वाढवू का?

नका वाढवू. आत्ता तुम्ही सुरांबरोबर आखडणंही घोटताय, आणि जे घोटाल तेच पक्कं होतं.

१०५ ला चौगुन म्हणजे सेकंदाला ७ सूर. बोट हलवणारे बरेचसे स्नायू तळहातात नसून कोपराखालच्या हातात असतात. एक गट बोट दाबतो, दुसरा उचलतो. दाबणारा गट सैल व्हायच्या आत उचलणारा ओढायला लागला, की दोघांची रस्सीखेच होते आणि हात दगडासारखा होतो. ८० ला मधे जरा उसंत असते, म्हणून ही खेच जाणवत नाही. पण ती तिथेही असते. म्हणजे वेगासाठी दाबणं शिकायचं नाहीये, सोडणं शिकायचंय.

आधी वाद्य तपासा, कारण तारा उंच असतील तर कितीही सैल राहायचं ठरवा, हात दाबणारच. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. अकूस्टिकला जाड तारेखाली साधारण २.५ मिमी, बारीक तारेखाली २ मिमीच्या आसपास हवं. मग प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघा: केसाएवढी असावी. जास्त असेल तर नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या) खाचा उथळ आहेत, त्या जाणकाराकडून खोल करून घ्या, घरी कानस लावू नका. नागपुरात यात कूलरची भर पडते. बाहेर कोरडी हवा, खोलीत कूलरचा ओला झोत; झोतासमोर ठेवलेल्या गिटारचं लाकूड ओल धरतं, वरची फळी फुगते आणि तारा उचलल्या जातात. वाजवून झालं की गिटार केसमध्ये, झोतापासून दूर. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) तारा आणाल तेव्हा १२ ऐवजी बारीक तारांचा, १० चा संच मागा. तेवढंही नको असेल तर सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवा, ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो.

आता डावा हात. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला अनामिका नुसती टेकवा आणि तार छेडत राहा. आधी ठप्प आवाज येईल. दाब अगदी हळू वाढवा: खरखर येईल, मग सूर स्वच्छ होईल. तिथेच थांबा. लागतो तो एवढाच दाब, आणि बहुतेकांना तो किती कमी आहे हे पाहून आश्चर्य वाटतं. बोट फ्रेटच्या पट्टीला जवळजवळ खेटून हवं. दोन पट्ट्यांमधल्या घराच्या मधोमध दाबलंत तर जास्त जोर लागतो. अंगठा गिटारच्या मानेमागे मधल्या बोटाच्या समोर, नुसता टेकलेला. सूर वाजत असताना अंगठा क्षणभर काढून बघा. सूर टिकला, तर तुम्ही चिमटा काढत नाही, हाताच्या वजनाने दाबताय.

यानंतरचा अभ्यास कंटाळवाणा आहे, पण सगळं त्यातच आहे. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर, एका ठोक्याला एकच सूर. बोट चटकन पडू द्या, आणि पुढचं बोट पडताच आधीचं सोडा. सोडणं म्हणजे उचलणं नाही: दाब काढला की तारच बोटाला वर ढकलते, बोट तारेपासून फारतर १ सेंमीवर राहिलं पाहिजे. उरलेल्या वेळात जबडा, खांदे, श्वास तपासा. करंगळी आठव्या फ्रेटवर जाताना अनामिका सोबत हलणारच, त्यांच्या कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) एकमेकींना जोडलेल्या असतात. तिला जबरदस्तीने जागेवर दाबून धरू नका. असं रोज १० मिनिटं, पण लक्ष देऊन.

तार बदलताना सूर हुकतात, त्याचं मूळ बहुधा उजव्या हातात आहे. पेंटॅटॉनिकमध्ये प्रत्येक तारेवर दोन सूर, म्हणजे खाली-वर. वरचा फटका झाला की पिक (तार छेडायची छोटी पट्टी) तारांच्या मधे अडकतं आणि पुढच्या तारेवर जायला आत्ताच वाजवलेली तार उडी मारून ओलांडावी लागते. त्या उडीसाठी मनगट ताठ होतं. म्हणून पिकची पकडीकडची बाजू किंचित जमिनीकडे झुकवा, म्हणजे वरचा फटका तारांपासून बाहेर, हवेत निघेल आणि उडीची गरजच उरणार नाही. सुरुवात खालच्या फटक्याने करा, नाहीतर हे गणित उलटं होतं. पिक ०.८८ ते १ मिमी जाडीचं, बोटांबाहेर ३-४ मिमी. घामाने निसटतं म्हणून आवळून धरू नका. हात पुसा, खरबरीत पकडीचं पिक घ्या.

मग वेग. पाच-पाच बीपीएमची शिडी मला या टप्प्यावर चुकीची वाटते, कारण ताण इतका हळूहळू चढतो की कळत नाही. त्याऐवजी छोट्या झेपा घ्या. मेट्रोनोम थेट १२० वर लावा. चार सूर चौगुनीत आणि पाचवा पुढच्या ठोक्यावर, बस्स. मग पूर्ण आवर्तनभर थांबा आणि दोन्ही हात खरंच सैल सोडा. पाच सूर सलग दहा वेळा सैल हाताने आले, की नऊ करा. मग तेरा, मग सतरा. चूक झाली तर वेग कमी करू नका, सूर कमी करा. वेग उतरवलात की हात जुन्याच सवयीने चालतो. मात्र त्याच जागी तिसऱ्यांदा चूक झाली तर थांबा, ते दोनच सूर वेगळे काढून ६० वर बघा: बोट उशिरा पडतंय की पिक आधी? फोनवर रेकॉर्ड करून निम्म्या वेगाने ऐकलं तर लगेच कळतं.

एकूण ४० मिनिटं पुरेत, २० च्या दोन बैठका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी बसू नका, सकाळी सहाच्या सुमाराला बसा. डिसेंबरात पहाटे बोटं गारठतात, तेव्हा आधी कोमट पाण्यात दोन मिनिटं हात धरा.

अंगठ्याचं दुखणं हे सगळं सुरू करण्याआधी पूर्ण थांबू द्या, त्यासाठी आठवडाभर गिटार बंद ठेवावी लागली तरी चालेल. बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचे) त्यानंतरही आठ-दहा दिवस नकोत. आणि बोटांत मुंग्या, बधिरपणा किंवा रात्री झोपमोड करणारी कळ असेल, तर मेट्रोनोम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना हात दाखवा.