फ्रेंच फॉर्मवरचं 'नों' म्हणजे आपलं नाव नव्हे

तुमची पोस्ट वाचली आणि लियोंमधले माझे सात महिने आठवले. माद्रिदहून तुलूझला निघालात, फॉर्मवरचं 'नों' स्पॅनिश 'नोम्ब्रे'सारखंच दिसतंय, तर तिथे स्वतःचं नाव टाकू का, असं विचारलंय. अजिबात नको! तिथे आडनाव. स्वतःचं नाव 'प्रेनों'मध्ये.

मी तोरिनोत दोन वर्षं राहून तिकडे गेले होते. इटालियनमध्ये 'नोमे' म्हणजे नाव, 'कोन्योमे' म्हणजे आडनाव. हाताला तीच सवय. 'नों'पुढे 'वैशाली' लिहिलं, उरलेलं वडिलांचं नाव आणि आडनाव 'प्रेनों'मध्ये कोंबलं नि मोकळी झाले. झाले 'मादाम वैशाली'! आधी मजा वाटली. मग बँकेत एक नाव, विम्यावर दुसरं. त्या कार्यालयात (कुठलं ते सांगत नाही) हेलपाटे घातले, तर खिडकीतल्या बाईंचं एकच पालुपद, "तुम्हीच लिहिलंय ना?" पुढे जन्मदाखला मागितला, तोही शपथबद्ध अनुवादकाकडून फ्रेंच करून. माझ्या दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकानाच कोरा! भावाने नगरपालिकेत खेटे घालून नाव चढवून घेतलं, तोवर इकडे हिवाळा लागला.

मी काही भाषातज्ज्ञ नाही, पण मूळ लॅटिन 'नोमेन' कुळाचंच नाव होतं. गायुस ज्यूलियस सीझरमधलं 'ज्यूलियस' ते. रोमानियातही फॉर्मवर 'नुमे' आडनाव आणि 'प्रेनुमे' नाव. त्यामुळे फोनमधलं भाषांतर 'नों'ला बिनधास्त 'नाव' म्हणालं, तरी पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जे छापलंय तेच उतरवा. वडिलांचं नाव पासपोर्टात तुमच्या नावाला जोडून असेल तर तेही 'प्रेनों'त.

गोव्याची मंडळी इथे बरीच आहेत म्हणून सांगते. पोर्तुगालमध्ये 'अपेलीदु' म्हणजे आडनाव, ब्राझीलमध्ये मात्र टोपणनाव. ब्राझीलचं 'सोब्रेनोमी' म्हणजे आडनाव, आणि तुमच्या स्पॅनिशमधलं 'सोब्रेनोम्ब्रे' म्हणजे टोपणनाव. काय बोलायचं!

मिसेस सोबत येत असतील तर 'नों द नेसांस'पुढे त्यांचं माहेरचं आडनाव येईल. सासरचं 'नों द्युझाज'मध्ये. फ्रान्समध्ये 1794 च्या कायद्यापासून जन्माचंच आडनाव अधिकृत. त्यांच्या पासपोर्टवर फक्त सासरचं असेल, तर जन्मदाखला नि लग्नाचा दाखला दोन्ही निघायच्या आधीच काढून ठेवा. माझा अनुभव काही वर्षांपूर्वीचा, तेव्हा कागदांची यादी एकदा तिथे विचारून घ्या. आणि खिडकीवर चिडू नका, मी चिडून पाहिलंय, फाइल तळाशी जाते.