जुन्या हॉलिवूडमधील बालकलाकारांची कारकीर्द इतकी अल्पायुषी का असे? प्रेक्षकच त्यांना कंटाळत असावेत का?

मूल मोठे होते, हे कारण सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु प्रेक्षकच अशा मुलांना कंटाळत असावेत, हा आपण प्रश्नात केलेला तर्क मला मुळीच मान्य नाही. बेबी पेगी, म्हणजे पेगी-जीन माँटगोमेरी, दोन वर्षांची होण्याआधीच सेंच्युरी स्टुडिओच्या मूक विनोदी लघुपटांत आली आणि सात वर्षांची होईपर्यंत तिची कारकीर्द आटोपलीसुद्धा. प्रेक्षक तिला विटले नव्हते. १९२५ च्या सुमारास वडिलांचे निर्मात्याशी पैशांवरून बिनसले, करार मोडला आणि हॉलिवूडची दारे त्या पोरीसाठी बंद झाली. कमावलेले लाखो डॉलर तोवर घरच्यांनीच उडवले होते, म्हणून तिला व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या फिरत्या खेळांच्या, रंगमंचावर गावोगाव फिरावे लागले आणि पुढे त्याच हॉलिवूडमध्ये गर्दीतली एक्स्ट्रा म्हणून उभे राहावे लागले.

हे इतक्या पोटतिडकीने लिहिण्याचे कारण घरचेच आहे. माझी भाची एका मालिकेत काम करीत असे. रात्री उशिरा मेकअपसह खुर्चीतच पेंगणारी, मांडीवर गणिताची वही उघडी, आणि ‘शॉट रेडी’ अशी हाक येताच दचकून उठणारी ती मुलगी मी सेटवर पाहिली आहे. तिच्या मानधनातून घराचे नवे स्वयंपाकघर झाले. मी विचारले, तेव्हा आमचे मेहुणे म्हणाले, “तिचे सगळे आम्हीच करतो ना? मग तिचे पैसे वेगळे कसे?”

हॉलिवूडचा बालकलाकार जॅकी कूगन याच्या आईची आणि सावत्र वडिलांची बाजूही नेमकी हीच होती. १९२१ मध्ये चॅप्लिनबरोबर ‘द किड’मध्ये झळकलेल्या या मुलाची मिळकत तीस-चाळीस लाख डॉलर असल्याचा अंदाज केला जातो, मात्र अल्पवयीन मुलाची कमाई त्या वेळच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने पालकांचीच ठरत असल्याने, १९३८ मध्ये दावा लावूनही त्याच्या हाती जेमतेम १,२६,००० डॉलर आले. त्यानंतर १९३९ मध्ये बालकलाकाराच्या कमाईचा काही भाग त्याच्यासाठी राखून ठेवण्याची तरतूद करणारा, कूगनच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो, आणि दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. मेहुण्यांना मी हे ऐकवले, तेव्हा त्यांनी विषय क्रिकेटवर नेला.

सगळेच पालक लोभी असतात असे माझे म्हणणे नाही आणि मूकपटांचा जमाना सरल्यामुळेही अनेकांची कामे गेली, हे खरेच. पण आपल्या घरात कोणी मूल कॅमेऱ्यापुढे उभे राहणार असेल, तर आधी त्याच्या नावाची ठेव पावती पाहायला मागा. ती दाखवायला जो टाळाटाळ करील, त्याच्याशी वाईटपणा घ्यायला कचरू नका, मग तो जावई का असेना.